बोलकी पाटी

‘नको’ हा मराठी भाषेतील एक फार सोयीचा शब्द आहे. हिंदी भाषकाला जेथे ‘नहीं चाहिए’ असे दोन शब्द योजावे लागतात आणि इंग्रजी बोलणाऱ्याला कर्ता, नकार व क्रियापद यांची जुळणी करावी लागते, तेथे मराठी मूल दोन अक्षरांत आपला सारा विरोध व्यक्त करून मोकळे होते. भाताचा घास पुढे आला, नको. अंगात लोकरीचा सदरा चढू लागला, नको. अनोळखी पाहुण्याने उचलून घेतले, नको. घरोघरी दिवसाकाठी हा शब्द इतक्या वेळा कानी पडतो की, तो उच्चारता येणे ही एक शक्ती आहे याचे भान कोणालाच राहत नाही. परंतु ज्या मुलाला तो उच्चारता येत नाही त्याच्यापुढे मार्ग कोणते उरतात? ताट ढकलून देणे, किंचाळणे, जमिनीवर अंग टाकणे, स्वतःच्याच हाताचा चावा घेणे. पाहणारे त्याला हट्ट म्हणतात आणि आईच्या लाडांना बोल लावतात. वस्तुतः पुष्कळदा ते एक वाक्यच असते. शब्द न सापडल्यामुळे ते अंगावाटे बाहेर पडलेले असते.

ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांची स्थिती अशी असते. या अवस्थेला मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. तो रूढ झाला खरा, पण थोडा फसवा आहे. ‘स्वतःत मग्न’ म्हटले की, मुलाने जगाकडे जाणूनबुजून पाठ फिरविली आहे असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मूळ शब्दाचा दोषही तोच. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो विसाव्या शतकाच्या आरंभी बनविला, आणि तोही प्रौढ मनोरुग्णांच्या संदर्भात. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची जी टिपणे प्रसिद्ध केली, त्यांपासून मुलांमधील या अवस्थेचा स्वतंत्र विचार सुरू झाला. त्या अकरांपैकी तीन मुले बोलतच नव्हती. जी बोलत होती ती ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत करीत, आणि ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणत. मराठी घरातही हेच घडते. ‘तुला दूध हवे का?’ असा प्रश्न रोज ऐकणारे मूल दुधाची इच्छा झाली की ‘तुला दूध हवे का?’ असेच म्हणते. घरच्यांना त्याचा अर्थ कळतो. परक्याला ते कोडे वाटते.

सर्वच स्वमग्न मुले अबोल नसतात. काही अस्खलित बोलतात, काही पदव्या मिळवितात. परंतु नजर, स्वर, चेहरा, हातवारे यांच्या साहाय्याने माणसे जे न बोलता बोलतात ते वाचणे या मुलांना कठीण जाते, आणि आवाज, उजेड किंवा स्पर्श यांतील लहानसा बदलही कित्येकांना असह्य होतो. याचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या मायेत उणीव राहिल्यामुळे मूल असे होते, हा समज पाश्चात्त्य देशांत एके काळी तज्ज्ञांनीच पसरविला होता. ब्रूनो बेटलहाइम यांचा त्या मताचा ग्रंथ १९६७ साली निघाला. तो समज शास्त्राने केव्हाच टाकून दिला. नातेवाइकांनी मात्र अजून टाकलेला नाही.

अशा मुलाचे यंत्राशी चांगले जमते, हे मात्र बऱ्याच आधीपासून पुष्कळांच्या ध्यानात आले होते. कळ दाबली की दिवा लागतो; पुन्हा दाबली की पुन्हा लागतो; शंभराव्या वेळीही यंत्र कंटाळत नाही, कपाळाला आठ्या घालत नाही, मध्येच विषय बदलत नाही. माणसाच्या वागण्यात जी अनिश्चितता असते ती तेथे नसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केनेथ कोल्बी या मनोविकारतज्ज्ञाने १९६० नंतरच्या दशकातच अबोल मुलांना संगणकापुढे बसविले होते. मुलाने कळ दाबावी आणि पडद्यावर अक्षर किंवा आकृती उमटून तिचा ध्वनी ऐकू यावा, अशी ती योजना होती. काय दाबावे हे मुलाने ठरवायचे. शेजारी बसलेल्या माणसाने शिकविण्याची घाई करायची नाही. त्यानंतर एडिंबरो येथे सिल्व्हिया वीअर आणि रिकी एमॅन्युएल यांनी १९७६ साली एक अहवाल लिहिला. जमिनीवर चालणारे कासवासारखे एक यंत्र, त्याला पुढे जा, वळ, थांब अशा आज्ञा देणाऱ्या कळा, आणि त्या कळांपाशी एक स्वमग्न मुलगा, एवढाच तो प्रयोग होता. आपल्या हातून काहीतरी घडते आहे हे पाहून तो मुलगा भोवतालच्या माणसांशी आपणहून संवाद करू लागला, असे त्यांनी नोंदविले. एका मुलावरून सिद्धांत बांधता येत नाही. तरी त्या अहवालातील एक गोष्ट मोलाची आहे: यंत्राने मुलाला माणसांपासून तोडले नाही, मुलाला माणसांस सांगण्याजोगे काहीतरी मिळवून दिले.

आजचे साधन या कासवापेक्षा पुष्कळच हलके झाले आहे. शाळेच्या पाटीएवढा टॅब, त्यावर चित्रांची मांडणी, आणि चित्राला बोट लावताच निघणारा आवाज, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. त्यामागची कल्पना मात्र टॅबपेक्षा जुनी आहे. १९८५ मध्ये अँडी बॉंडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेत चित्रांची देवघेव करण्याची पद्धत बसविली: मुलाने केळ्याचे चित्र आईच्या हातात द्यावे आणि केळे घ्यावे. कागदाच्या चित्राला फक्त आवाज नव्हता. आवाज देणारी परदेशी यंत्रे निघाली, तेव्हा त्यांच्या किमती भारतीय कुटुंबाच्या आटोक्याबाहेर होत्या. चेन्नई येथील अजित नारायणन यांनी ‘आवाज’ नावाचे भारतीय साधन घडविले ते या अडचणीतून.

मराठी श्रोत्यांच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. पवईच्या आयआयटीमध्ये १९६९ साली स्थापन झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र आहे. तेथे प्राध्यापक रवी पूवय्या आणि त्यांचे सहकारी यांनी ‘जेलो’ हे साधन तयार केले. त्यासाठी मुंबईतील ‘उमीद’सारख्या बालविकास केंद्रातील तज्ज्ञांचे साहाय्य त्यांनी घेतले. ते मोबाइलवर किंवा टॅबवर विनामूल्य उतरवून घेता येते आणि इतर भारतीय भाषांबरोबर मराठीही बोलते. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पडद्याच्या मध्यभागी चित्रे असतात: खाणेपिणे, रोजची कामे, माणसे, ठिकाणे, गंमत, मदत इत्यादी. दोन्ही कडांना सहा कळा असतात: आवडते, आवडत नाही, हो, नाही, अधिक, कमी. मुलाने मधले एक चित्र निवडावे आणि कडेची एक कळ दाबावी, की पूर्ण वाक्य ऐकू येते. तीच कळ पुन्हा दाबली की त्याच भावनेचे अधिक जोराचे वाक्य निघते. वस्तूचे नाव एकीकडे आणि तिच्याविषयीची भावना दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. भावना नेहमी त्याच ठिकाणी असल्यामुळे बोटाला तिची सवय होते. सहापैकी निम्म्या कळा नकाराच्या किंवा उणेपणाच्या आहेत, हे त्यातले मर्म होय. मुलाला मागता येणे हवेच. परंतु ज्याला फक्त मागता येते आणि नाकारता येत नाही, त्याला अर्धीच भाषा मिळाली.

आता ही पाटी कोणत्या भाषेत बोलावी, हा प्रश्न पुण्यातल्या घराला क्वचित पडतो. जबलपूरच्या मराठी घराला तो पहिल्याच दिवशी पडतो. नर्मदाकाठच्या या शहरात मराठी माणूस येऊन दोन शतके उलटून गेली. १७८१ साली हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ नंतर नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात मराठी आणि हिंदी जिल्हे एकत्र नांदले. कचेऱ्या, न्यायालय, रेल्वे आणि शाळा यांच्या निमित्ताने अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. अशा घरात आजी मराठी बोलते, गोलबाजारात हिंदी चालते, तीही बुंदेली वळणाची, आणि मूल शाळेत जाते ते बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या. इतर मुले या तीन घाटांवरचे पाणी सहज पितात. स्वमग्न मूल बोलायला उशीर करू लागले की मात्र शेजारी, शिक्षक, कधी डॉक्टरही सांगतात, ‘याच्याशी एकच भाषा बोला.’ ती एक भाषा कोणती, हे वेगळे सांगावे लागत नाही. ती शाळेची असते. मग आई तुटक हिंदीत किंवा पाठ केलेल्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागते, बाबांची थट्टामस्करी आटते, आणि आजी भीतीपोटी गप्प बसते. ज्या मुलाला मुळातच शब्द कमी मिळतात, त्याच्याभोवतीचे शब्द आणखी कमी होतात.

या सल्ल्याला आधार काय? मॉन्ट्रिऑल हे फ्रेंच आणि इंग्रजी अशा दुहेरी व्यवहाराचे शहर. तेथे हॅम्ब्ली आणि फोम्बोन या संशोधकांनी ७५ स्वमग्न मुलांची पाहणी केली आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: दोन भाषांच्या वातावरणात वाढणाऱ्या मुलांची भाषा एका भाषेत वाढणाऱ्यांहून अधिक मागे पडलेली आढळली नाही. नंतरच्या अभ्यासांचा कलही याच दिशेने आहे. तेव्हा घरची भाषा सोडल्याने मूल लवकर बोलेल ही आशा निराधार आहे, आणि त्यात होणारी हानी मात्र उघड आहे. आजीच्या खोलीत मराठी बोलणारी आणि शाळेत हिंदी बोलणारी पाटी एकाच यंत्रात ठेवता येते. माणसाला भाषा बदलताना जेवढे श्रम पडतात तेवढे यंत्राला पडत नाहीत.

मराठी पाटी बनविणे ही केवळ शब्दशः भाषांतराची बाब नाही. इंग्रजीसाठी आखलेल्या यंत्राला बोलणारा मुलगा आहे की मुलगी हे विचारावे लागत नाही. मराठीत मुलगा ‘मी जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘मी जाते’ म्हणते. आईची वाक्ये जशीच्या तशी उचलणारा मुलगा ‘मी येते’ असे म्हणाला तर त्यात नवल नाही. पाटीने त्याला त्याचे स्वतःचे रूप ऐकवायला हवे. दुसरी गोष्ट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ‘आम्ही भेडाघाटला जातो’ यात ऐकणारा वगळला जातो. ‘आपण भेडाघाटला जाऊ’ यात त्याला हाताशी धरले जाते. हिंदीत दोहोंना ‘हम’ पुरतो, आणि जबलपुरी बोलीत तर ‘हम’ म्हणजे कित्येकदा एकटा ‘मी’ असतो. ज्या मुलाचा ‘मी’ आणि ‘तू’ यांतच गोंधळ होतो, त्याला हा भेद व्याख्यान देऊन शिकविता यायचा नाही. ‘आपण’ची कळ दाबली की आजोबा चप्पल पायात घालून दाराशी येतात, हे चार वेळा घडले तर तो शब्द कळतो.

येथे पालकांची आणखी एक शंका येते, आणि ती रास्त आहे: पाटी बोलू लागली तर मूल स्वतः बोलण्याचा प्रयत्न सोडून देणार नाही का? अमेरिकेत कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या, अगदी थोडे बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांवर केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना खेळातून शिकविले. निम्म्यांना त्याच्या जोडीला बोलते यंत्र दिले. यंत्र मिळालेल्या मुलांचे आपणहून बोलणे अधिक वाढले. पाटी ही बोलण्याची सवत नव्हे. मात्र त्या प्रयोगातील ‘खेळातून’ हा शब्द विसरून चालणार नाही. यंत्र मुलाच्या हाती देऊन मोठी माणसे आपापल्या कामास गेली नव्हती; ती जमिनीवर मुलासमवेत बसून खेळत होती आणि बोलताना स्वतःही त्याच चित्रांना बोट लावीत होती. मूल बोलणे ऐकून शिकते, तसेच चित्रांची भाषाही दुसऱ्याला वापरताना पाहून शिकते. घरात पाटीला फक्त मुलानेच हात लावायचा असा दंडक असेल, तर त्या भाषेत बोलणारे ते घरातले एकटेच माणूस ठरते.

खेळांचे महत्त्व येथेच आहे. इंग्लंडमध्ये सायमन बॅरन-कोहेन यांच्या मार्गदर्शनाखाली बनविलेल्या ‘द ट्रान्सपोर्टर्स’ या चित्रमालिकेत रुळांवरून आणि ठरलेल्या मार्गांवरून धावणाऱ्या गाड्यांना खऱ्या माणसांचे चेहरे लावले होते. मुलाला गाडीचे चाक आवडते ना? मग चाकाकडे पाहता पाहता राग आणि आनंद यांचे चेहरेही त्याने पाहावेत, अशी ती चतुर योजना होती. तिच्या पहिल्या पाहणीत फळ चांगले आले. नंतरच्या काही पाहण्यांत तितके आले नाही. जबलपूरसारख्या रेल्वेच्या गावात ही कल्पना चटकन पटते. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता यांचे रूळ येथे जोडले गेले, आणि गाड्यांची नावे, क्रमांक, वेळा तोंडपाठ असणारे मूल येथे कोणालाही चमत्कारिक वाटत नाही. हर्टफर्डशर विद्यापीठातील ‘कॅस्पर’ हा मुलाच्या आकाराचा यांत्रिक बाहुला, कॅनडातील एका पालकाने २०१३ साली स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी उभारलेले, ठोकळ्यांचे जग रचण्याच्या खेळाचे ‘ऑटक्राफ्ट’ हे सुरक्षित मैदान, ही त्याच वाटेवरची आणखी उदाहरणे.

परंतु या सर्वांत जे साधले जाते ते आपल्याकडच्या ‘आपडी थापडी’तही आहे. ठरलेली चाल, ठरलेला ठेका, पुढे काय येणार याची खात्री, आणि मग शेवटच्या क्षणाआधी आजीने हात उचलून धरलेला असतो, मूल वाट पाहत असते. ती वाट पाहण्याची घटका फार महत्त्वाची. आजी थांबते, मूल तिच्याकडे पाहते, हात पुढे करते, कधी एखादा आवाज काढते. टॅबवरचा चांगला खेळ असाच थांबतो. वाईट खेळ थांबत नाही. तो झगमगाट करीत राहतो आणि मुलाकडून काहीच मागत नाही.

म्हणूनच सगळ्या पडद्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. एकच चित्रफीत चाळीस वेळा फिरविणारे मूल आणि पाटीवर ‘नको’ म्हणणारे मूल ही दोन्ही टॅबपाशीच बसलेली दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बैठ्या पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास इतकी घातली आहे, आणि ती करमणुकीला लागू करणे शहाणपणाचे आहे. बोलण्याची पाटी मात्र तासावर मोजायची नसते. यासाठी शक्य तर बोलण्याचा टॅब निराळा ठेवावा आणि त्यात दुसरे काहीच नसावे. मूल चुकले म्हणून शिक्षा करताना तो काढून घेऊ नये. बोलक्या मुलाचे तोंड कोणी बांधून ठेवीत नाही. त्यात घरची छायाचित्रे घालावीत: आजीचे, ग्वारीघाटच्या नावेचे, वरणभाताचे आणि अर्थातच खव्याच्या जिलेबीचे.

एक धोका याहून गंभीर आहे. १९९० च्या सुमारास मुलाचा हात धरून त्याच्याकडून टंकलेखन करून घेण्याची पद्धत परदेशात फार गाजली. अबोल मुले एकाएकी प्रौढ भाषेत लिहू लागली आणि आईबापांना आनंदाश्रू आले. पुढे कसोट्या घेतल्या तेव्हा शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असल्याचे आढळले, आणि १९९४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने त्या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. मुलाला हात धरून कळ दाखविणे निराळे आणि त्याच्या नावाने आपणच बोलणे निराळे. मुलाने दाबलेली कळ आपल्याला गैरसोयीची असली तरी ती त्याचीच आहे. ‘नको’ म्हटल्यावर घास मागे घेतला गेला नाही, तर त्या कळेला अर्थ उरत नाही आणि मूल पुन्हा ताट ढकलू लागते.

सरकारी व्यवस्थेत या मुलांना जागा मिळण्यास बराच काळ लागला. अपंगांविषयीच्या १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तो समाविष्ट झाला. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीत स्वमग्नतेची लक्षणेही पाहावयाची असतात आणि संशय येताच मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे असते. जबलपुरात विशेष मुलांसाठी जस्टिस तन्खा यांच्या स्मरणार्थ रोटरीची संस्थाही आहे. पाटी निवडण्यापूर्वी वाचाउपचारतज्ज्ञाला मूल दाखवावे आणि श्रवणाची तपासणी करून घ्यावी. ऐकू न येणारे मूलही वरवर पाहणाऱ्याला स्वमग्न वाटते.

२०१६ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात एक वाक्य आहे, ते पालकांनी माहीत करून घेण्यासारखे आहे. ज्यांना वाणी, संवाद किंवा भाषा यांची अडचण आहे त्यांच्या रोजच्या गरजांसाठी स्वतःच्या बोलण्याला पूरक अशा पर्यायी साधनांच्या वापरास शिक्षणात उत्तेजन द्यावे, असे ते सांगते. ‘वर्गात मोबाइलला बंदी आहे’ असे म्हणून पाटी कपाटात गेली, तर मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखविण्यास ते पान उपयोगी पडते. त्याच्याच जोडीला पाटीवरच्या प्रमुख चित्रांचा एक छापील तक्ता, प्लास्टिकचे आवरण घालून, दप्तरात असू द्यावा. बॅटरी उतरली, यंत्र दुरुस्तीला गेले किंवा घाटावर पाण्याची भीती असली म्हणजे तो काढावा. त्याला आवाज नसतो, पण ‘नको’चे चित्र त्यावरही असते, आणि पाटीवर ज्या कोपऱ्यात ते आहे त्याच कोपऱ्यात ते छापलेले असावे.